रडण्याइतकं खारट

बोनकोड्यात शेवंताबाईने धवला धरला नाही असं लग्न शोधायचं म्हटलं, तर ते पळून जाऊन केलेलंच निघेल. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो, मंत्र म्हणतो, दक्षिणा घेऊन स्कूटरवर बसतो. पण देवांना लग्नाला बोलावते ती धवले गाणारी धवलारीण. हळदीच्या ताटासमोर बसून ती गाण्यातून एकेकाला हाक मारते, आधी गावदेवीला, मग कार्ल्याच्या एकवीरेला, आणि शेवटी घरातून गेलेल्या माणसांना नावानिशी. हाक मध्ये तोडायची नाही आणि नाव अर्धं टाकायचं नाही. अर्ध्या नावाने बोलावलेला माणूस मांडवाबाहेरच ताटकळत राहतो, असं शेवंताबाईला तिच्या सासूने शिकवताना दरडावून सांगितलं होतं. साठी उलटली तरी शेवंताबाईने एकही नाव अर्धं सोडलं नव्हतं. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

अशा बाईच्या जबड्यात गाठ निघाली.

सुरुवात हलणाऱ्या दाढेपासून झाली. कोपरखैरण्याच्या दातांच्या डॉक्टरने फोटो काढला आणि दाढ उपटायची सोडून मुलाला फोन लावायला सांगितलं. मुलगा धनेश बिल्डर. गावठाणातल्या निम्म्या इमारती त्याने उभ्या केलेल्या, त्याआधी तिथली घरं त्यानेच पाडलेली. त्याने आईला उचललं आणि काचेच्या दारांच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे गाठीचा तुकडा तपासायला गेला, मशीनमधून डोकं काढून झालं, आणि आठवड्याने सर्जनने पडद्यावर जबड्याचं चित्र लावलं. डाव्या बाजूला, दाढांच्या खाली, अंड्याएवढा काळा डाग होता.

"गाठ साधी आहे," सर्जन म्हणाला. "कॅन्सर नाही. आत पाणी भरलेली पिशवी आहे, ती वाढते आणि हाड पोखरते. पण जात हट्टी आहे, नुसती खरवडून काढली तर परत येऊ शकते. त्यामुळे माझ्या मते तेवढा जबडा काढावा, पायाचं हाड घेऊन तिथे बसवावं, वर धातूची पट्टी. एकदाच त्रास, विषय संपला."

"साधी हाय ना?" शेवंताबाईने विचारलं.

"हो, साधीच."

"साधी हाय तं जबडा कापता. वंगाल असती तं काय मुंडी कापली असतीव?"

सर्जन हसला. माणूस वाईट नव्हता. आपल्याला जे उत्तम येतं तेच तो सांगत होता, आणि ते खोटंही नव्हतं. धनेशने मात्र कपाळावर हात मारला.

"आये, डॉक्टरांशी नीट बोल."

"नीटच बोलतंय. पायाचं हाड तोंडात घातल्याव गानं काय पायानं म्हनू?" मग तिने आवाज उतरवला, कारण पुढचं विचारताना तिला खरंच भीती वाटत होती. "डाक्टर, ओठाचं काय व्हईल?"

"डाव्या बाजूचा खालचा ओठ बधिर राहील. तिथली शीर त्या हाडातूनच जाते. पण त्याने फार अडत नाही हो आजी. ओठ मिटतो. फक्त मिटलाय हे आतून कळत नाही."

"मिटला तो कलला नाय तं नाव पुरं झालं ह्ये मना कोन सांगल?"

सर्जनला प्रश्नच समजला नाही. धनेशला समजला, लहानपणापासून तो मांडवात आईच्या मांडीला टेकून झोपत आला होता. पण त्याने खिशातून फोन काढला आणि त्यात बघत राहिला.

खाली पार्किंगमध्ये मायलेकांची चांगलीच जुंपली.

"ती परत येल, आये. डॉक्टर बोलला ना."

"येल तवा बगू. पावना परत येल म्हनून कोनी घर पारतं का?"

"मी पाडतो," धनेश म्हणाला. "लीकेज असला ना, की मी सरळ पाडून नवीन बांधतो. रिपेरिंगची कामं मी घेतच नाय. गॅरंटी नसते."

"माजी बत्तीशी म्हनजे तुजी बिल्डिंग नाय, धन्या."

त्यावर धनेश जे बोलला ते त्याला बोलायचं नव्हतं. "बाबांच्या टायमाला पन तू थांब बोललीस. थांबलो आपन. काय झालं?"

सीताराम, शेवंताबाईचा नवरा, मिठागरावर काम करायचा. त्याच्या जिभेवर फोड आला तेव्हा तिने हळद लावली, तूप लावलं, जत्रा होऊन जाऊ दे म्हटलं. जत्रेनंतर डॉक्टरांनी हात टेकले. सीताराम गेला तेव्हा ती रडली नाही. बायका म्हणाल्या, काळजाची घट्ट आहे. घट्ट कसली, लाज वाटत होती तिला. आपणच थांबवलं आणि आपणच गळा काढायचा, कुठल्या तोंडाने? ते पाणी तेव्हा जे आत अडलं ते अडलंच.

"त्याची वंगाल व्हती," गाडीत बसता बसता ती एवढंच म्हणाली. "माजी साधी हाय."

धनेशची मुलगी नमिता बँकेत कामाला होती आणि तिचं लग्न पुढच्या हंगामात ठरलं होतं. घरात आजीची बाजू घेणारी ती एकटीच. एरवी ही पोरगी मऊ, मालिकेत कुणाच्या हातातून कप पडला तरी हिचे डोळे भरायचे. पण आजीसाठी ती बापासमोर उभी राहिली, रडत रडत का होईना. दुसरं मत घ्यायला काय हरकत आहे, असं म्हणून तिने आजीला स्कूटीवर मागे बसवलं आणि दंत महाविद्यालयात नेलं. तिथे डॉक्टर गीतांजली भेटल्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, राहायला खारघरला, बोलायला सावकाश.

त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. "आजी, दुसराही एक रस्ता आहे. लांबचा आहे. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं ते चूक नाही, त्यात परत येण्याची भीती सगळ्यात कमी. या रस्त्यात ती थोडी जास्त."

"सांगा तं खरी."

"गाठीला तोंडाच्या आतून एक खिडकी पाडायची. खिडकीत छोटी नळी बसवायची, म्हणजे ती मिटणार नाही. आतलं पाणी वाहून गेलं की पिशवीचा जोर जातो, ती आक्रसत जाते आणि बाजूचं हाड आपलं आपण भरत येतं. वर्षभर लागेल. शेवटी उरलेली एवढीशी पिशवी शीर सांभाळून काढायची. आणि त्यानंतरही कित्येक वर्षं तपासणीला यायचं, त्यात टाळाटाळ चालणार नाही."

"न माजा ओठ?"

"ओठ वाचवण्यासाठीच हा सगळा खटाटोप. पण काम तुमचं जास्त आहे, माझं कमी. सिरिंजने त्या नळीतून रोज आत धुवायचं, सकाळ-संध्याकाळ, न चुकता. आणि हाड पातळ झालंय, कडक काही चावायचं नाही. चिंबोरी तर बिलकूल नाही."

चिंबोरीचं ऐकून मात्र शेवंताबाईचा चेहरा पडला. वर्षभर खेकड्याची नांगी फोडायची नाही ही शिक्षाच होती. तरी तिने मान हलवली. "पारा खिरकी."

खिडकी पडली, नळी बसली. धनेशने घरी तोंडाला कुलूप लावलं. आई जेवायला बसली की तो तिच्या जबड्याकडे असा बघायचा, जणू खालच्या मजल्याचा कॉलम आता जातो की मग.

आता इथे शेवंताबाईने जी चूक केली ती खाडीकाठच्या माणसालाच सुचावी. डॉक्टरांनी धुवायला सलाईनच्या बाटल्या दिल्या होत्या आणि सांगताना शब्द वापरला, मिठाचं पाणी. मिठाचं पाणी! ज्या बाईचा बाप मिठागरावर, नवरा मिठागरावर, तिला बाटलीतलं मीठ? बाटल्या तिने कपाटावर ठेवून दिल्या. जाडं मीठ आणलं आणि खाऱ्या मासळीला लावतात तसं दणदणीत खारवण केलं. मासळी वर्षभर टिकते ती यानेच, मग गाठ कशी टिकेल, असा तिचा हिशेब. दोन्ही वाक्यं एकमेकांच्या उलटी आहेत हे तिला सांगायला कुणी शेजारी नव्हतं.

पहिल्या दिवशी झोंबलं. झोंबतंय म्हणजे काम करतंय, असं तिने स्वतःला समजावलं. पुढे हिरडी सोलून निघाली. दुखणं लपवायला तिने धुणंच बंद केलं आणि नमिताला खुशाल "धुतला, धुतला" म्हणून सांगत राहिली. मग एके दिवशी मऊ भात गिळताना नळी निसटून ताटात पडली. तिने ती पदराच्या गाठीत बांधली आणि गप्प बसली. सकाळी गाल पेरूसारखा फुगला होता.

धनेशने हॉस्पिटलला फोन लावला, बेड सांगितला, गाडी दारात आणली. "चल. झाली तुजी खिडकी."

नमिता ऑफिसला गेलेली. शेवंताबाईला ताप होता, तोंड उघडत नव्हतं. ती मुकाट्याने बसली. गाडी वाशीच्या सिग्नलला थांबली तेव्हा तिने दातांवर दात दाबून सांगितलं, "गारी फिरव. कॉलेजात चल."

"नाय."

"धन्या, गारी फिरव."

"आये, यावेळी मी थांबनार नाय!" धनेश ओरडला, आणि ओरडताना त्याचा आवाज फाटला. "एकदा थांबलो. तू बोललीस म्हनून थांबलो. मी पन मुलगा होतो ना त्यांचा?"

शेवंताबाईला ते लागलं. इतक्या वर्षांत मुलाने हे एकदाही म्हटलं नव्हतं. पण तिने दाराची कडी ओढली, लुगड्याचा काष्टा सावरला आणि सिग्नल लाल असतानाच उतरली. मागून हॉर्न सुरू झाले. तिने वाकून खिडकीतून आत पाहिलं.

"तुज्या बापाच्या टायमाला मी डाक्टरला भिऊन थांबली," ती म्हणाली. एकेक शब्द सुजलेल्या गालातून ढकलावा लागत होता. "आता मी डाक्टरकरंच चाललंय. त्यो थांबना न ह्यो थांबना येक नाय. चूक झाली ती माजी. खिरकीची नाय."

आणि समोरच्या रिक्षात जाऊन बसली. रिक्षावाला यूपीचा, तिचा गाल बघून घाबरला आणि मीटर टाकायलाही विसरला. मागे धनेशची गाडी होती. सिग्नल सुटल्यावर ती सरळ जायला हवी होती, पण ती रिक्षाच्या मागोमाग वळली.

डॉक्टर गीतांजलींसमोर शेवंताबाईने पदराची गाठ सोडून नळी टेबलावर ठेवली. "मी खारवन घातला," ती म्हणाली. "मासल्यांचा. मना वाटला मीठ मना म्हाईत हाय."

डॉक्टर रागावल्या. अगदी मनापासून रागावल्या, आणि शेवंताबाईने जन्मात प्रथमच उलट उत्तर न देता सगळं ऐकून घेतलं. पू काढला, औषध सुरू केलं, सूज उतरल्यावर मिटत आलेली खिडकी पुन्हा उघडली, नवी नळी टाक्याने पक्की केली. धनेश बाहेरच्या बाकावर बसून होता. आत यायला तयार नव्हता आणि घरी जायलाही नाही.

"बाटल्याच वापरा," डॉक्टर म्हणाल्या. "आणि बाटली संपली, घरीच करायची वेळ आली, तर उकळून गार केलेलं पाणी घ्या, चिमटीने मीठ टाका आणि चाखा. रडताना ओठांवर पाणी येतं ना? तेवढंच खारट. त्याहून जास्त झालं तर ते औषध नाही."

शेवंताबाई हळूच म्हणाली, "मना कसं कलल? मी ररत नाय."

"मग जो रडतो त्याला चाखायला द्या," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना वाटलं आजी थट्टा करतात.

बाटल्या संपल्यावर घरात तशीच व्यवस्था लागली. पाणी उकळायचं, मीठ टाकायचं आणि नमिताने चाखून सांगायचं, बरोबर की जास्त. या मापाला नमिताइतका पक्का माणूस घरात दुसरा नव्हता. ती ऑफिसला जाताना चाखायची, आल्यावर चाखायची. "आजे, थोडं कमी कर." "आता परफेक्ट." शेवंताबाई आरशासमोर गाल ओढून सिरिंज लावायची आणि धुवायची. गणपती गेले, दिवाळी गेली. कालवणात चिंबोरी शिजली की ती शिव्या घालत नुसता रस्सा ओरपायची. गावातल्या बायका कुजबुजायच्या, तोंडात भोक असलेली धवलारीण म्हणे नातीचं लग्न लावणार. त्या कुजबुजीचं उत्तर ती पाणवठ्यावरच्या जुन्या आवाजात, भर गल्लीत द्यायची. "भोक परलाय माज्या जबड्यात, तुमच्या नाकात का वारा जातंय?"

लग्नाच्या थोडं आधी नवा फोटो निघाला. डॉक्टरांनी जुना आणि नवा शेजारी लावले. अंड्याचा काळा डाग आता सुपारीएवढा होता, आणि भोवती पांढुरकी जाळी दिसत होती.

"हे काय हाय?" आज धनेश आत आला होता. त्यानेच बोट ठेवलं.

"हाड," डॉक्टर म्हणाल्या. "नवं. त्यांचं स्वतःचं." उरलेली पिशवी लग्नानंतर काढायची ठरली.

धनेश त्या पांढऱ्या जाळीकडे बघत राहिला. पण भीती अशी फोटो बघून जात नाही. हळदीच्या संध्याकाळी मांडवात शेवंताबाई आली, तर हळदीच्या ताटापाशी नावडे गावची धवलारीण मीना पानाचा विडा घेऊन आधीच बसलेली.

"ही कोन?" तिने धनेशला विचारलं.

"स्टँडबाय," धनेश खाली बघत म्हणाला. "तेवढा वेळ गायचं, जोर लागतो. मध्येच काय झालं तर? हाड अजून पातळ हाय, आये."

बँजोवाल्यांनी हात थांबवले. मीना बिचारी उठायला लागली. शेवंताबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

"बस गो. आयलीस तं माज्या मागं झेलाला बस. पन धरनार मी."

आणि तिने धरला. नळी जबड्यात होती, पहिल्या ओळीला जीभ तिला अडखळली, दुसऱ्या ओळीला तिने ती चुकवायला शिकून घेतलं. गावदेवी आली, एकवीरा आली. आवाज पूर्वीसारखा नव्हता, डाव्या बाजूने थोडा हवेशीर निघत होता, पण एकही नाव तिने अर्धं सोडलं नाही. मीना आणि बाकीच्या बायका मागून ओळ झेलत होत्या. हळदीने माखलेली नमिता समोर बसून अर्थातच रडत होती.

मग गेलेल्या माणसांची पाळी आली. सासरा झाला, सासू झाली. नवऱ्याचं नाव बाईने एरवी घ्यायचं नसतं, धवल्यात मात्र घ्यावंच लागतं. शेवंताबाईने समोर पाहिलं. पोरगी उद्या जाणार. उद्यापासून पाणी चाखायला घरात कुणी नाही. तिने श्वास भरला आणि हाक घातली, सीता, रा, आणि शेवटच्या म ला ओठ ओठाला टेकले.

टेकले ते तिला कळलं. उजवा कळला, डावाही कळला. आणि त्या डाव्या ओठावर काहीतरी ऊन ऊन येऊन थांबल्याचंही कळलं. आधी तिला वाटलं नळी गळली. मग दुसरा थेंब आला, तिसरा आला, आणि इतक्या वर्षांचं अडलेलं सगळंच यायला लागलं. मांडवातल्या बायकांनी शेवंताबाईला रडताना कधी पाहिलं नव्हतं. त्या झेलायचं विसरल्या. एकट्या मीनाने ओळ धरून ठेवली.

धनेश धावत आला. "आये! दुखतंय? मोडलं काय? गाडी काढू?"

शेवंताबाईने डोळे पुसले नाहीत. जिभेने ओठ चाटला, एकदा, आणि नीट खात्री करायला पुन्हा एकदा.

"गारी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "जा, पानी उकलाला ठेव. माप मना गावला."

आणि मीनाच्या हातातली ओळ परत घेऊन तिने पुढचं नाव धरलं.